गुण्या खरंच गुण्यात आहे का?

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त एकाच हत्याराबद्दल आहेत. म्हणून बाकीचे पुढच्या खेपेला ठेवतो आणि आज फक्त गुण्याबद्दल, म्हणजे काटकोन बघायच्या एल आकाराच्या हत्याराबद्दल, लिहितो. रंध्याची धार गेली की हाताला लगेच कळतं, करवत भरकटू लागली की डोळ्याला दिसतं. गुण्या चुकीचा असेल तर मात्र काहीच कळत नाही. कपाट जोडून होतं, दार बसत नाही, आणि आपण बिजागरीला दोष देत बसतो.

प्रश्न : सुतारकाम नुकतंच सुरू केलं आहे. पहिला गुण्या कोणता घ्यावा? लाकडी मुठीचा, अख्ख्या स्टीलचा की कॉम्बिनेशन? आणि किती मापाचा?

एकच घेणार असाल तर ३०० मिलिमीटर पट्टीचा चांगला कॉम्बिनेशन स्क्वेअर घ्या. दोन घेणार असाल तर त्याच्या जोडीला १०० मिलिमीटरचा अख्ख्या स्टीलचा इंजिनिअर्स स्क्वेअर. घरगुती फर्निचरचं जवळजवळ सगळं काम या दोघांत भागतं.

कॉम्बिनेशनचा फायदा हा की पट्टी सरकते. ९० आणि ४५ हे दोन्ही कोन मिळतात, खाचेची खोली मोजता येते, पट्टीच्या टोकाशी पेन्सिल धरून फळीच्या कडेला समांतर रेघ ओढता येते. लॅरॉय स्टॅरेट या अमेरिकन कारागिराने १८७९ मध्ये याचं पेटंट घेतलं. त्यानंतरच्या जवळपास दीडशे वर्षांत त्याची मूळ रचना फारशी बदललेली नाही. पण सरकणारा भाग आला की चुकीला वाटही मिळते. स्वस्त कॉम्बिनेशनमध्ये डोक्याची (पट्टी धरून ठेवणाऱ्या जाड भागाची) खाच नीट घासलेली नसते, आणि स्क्रू आवळला की पट्टी किंचित तिरकी होते. दुकानात हातात घ्याल तेव्हा पट्टी सरकवून तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी स्क्रू आवळा आणि प्रत्येक वेळी पट्टी हलवून बघा. कुठेही जरासुद्धा डुगडुगली तर तो खाली ठेवा, त्यावर कितीही सुबक आकडे कोरलेले असोत.

लाकडी मुठीचा, पितळी पट्टी ठोकलेला गुण्या हाताला फार छान लागतो, मलाही आवडतो. मात्र त्याची आतली बाजूच काटकोनात असल्याची खात्री दिलेली असते. बाहेरची बाजू बहुधा सोडून दिलेली असते. शिवाय मूठ लाकडाची, म्हणजे हवेतल्या दमटपणाने तीही हलते. रेघा मारायला तो उत्तम. यंत्राचा कोन लावायला किंवा खोक्याचा आतला कोपरा बघायला त्यावर विसंबू नका.

मापाबद्दल एक साधी गोष्ट. रोज ज्या रुंदीच्या फळ्या हाताळता, तिच्यापेक्षा पातं थोडंच लांब असावं. मोठा गुण्या सगळीकडे चालतो असं वाटतं खरं, पण ४० मिलिमीटरच्या पट्टीवर ३०० चं पातं धरलं की त्याच्या वजनानेच स्टॉक कडेवरून उचलला जातो. (जाड भाग तो स्टॉक, पातळ पट्टी ते पातं, पुढेही हेच शब्द वापरतो.) लहान गुण्या दिवसातून पन्नास वेळा हातात येतो, मोठा दोनदा.

प्रश्न : पाकिटावर ग्रेड ०, ग्रेड १, ग्रेड २ असं लिहिलेलं असतं. लाकडासाठी एवढी अचूकता लागते का?

आधी आकडे बघू. जर्मन मानक डीआयएन ८७५ प्रमाणे १५० मिलिमीटरच्या गुण्याला पूर्ण लांबीत इतकी चूक चालते : ग्रेड ० ला ०.००८ मिलिमीटर, ग्रेड १ ला सुमारे ०.०१८, ग्रेड २ ला ०.०३५. सुतारी गुण्यांसाठीचं ब्रिटिश मानक बीएस ३३२२ बरंच सैल आहे. दर १० मिलिमीटरला ०.०१, म्हणजे १५० ला ०.१५ मिलिमीटर. आता तुलनेसाठी : छपाईच्या साध्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास, आणि टोक केलेल्या पेन्सिलीची रेघही सहज ०.३ ते ०.५ मिलिमीटर जाड.

तेव्हा ग्रेड २ सुतारकामाला भरपूर झाला. ग्रेड ० साठी जास्तीचे पैसे मोजू नका, तो पैसा चांगल्या पटाशीत घाला. लाकूड स्वतःच स्थिर नसतं. ३०० मिलिमीटर रुंदीची फळी कोरड्या ऋतूतून दमट ऋतूत जाताना सहज दोन-तीन मिलिमीटर फुगते.

पण याचा अर्थ ‘लाकडाला सगळं चालतं’ असाही काढू नका. कोनातली चूक अंतराबरोबर वाढत जाते. एका अंशाच्या दहाव्या भागाची चूक १०० मिलिमीटरवर ०.१७ मिलिमीटर दिसते, ६०० मिलिमीटरच्या कपाटाच्या बाजूवर तीच पूर्ण एक मिलिमीटर होते. आणि ती एका जागी राहत नाही. चार कोपऱ्यांत एकाच दिशेने चूक झाली तर चौथा कोपरा जुळतच नाही.

प्रश्न : घरच्या घरी, कोणतंही महागडं उपकरण न वापरता गुण्या कसा तपासायचा?

सरळ कडेची एक फळी, एक धारदार सुरी आणि पाच मिनिटं. एवढंच लागतं.

फळीची कड खरोखर सरळ हवी, सगळी तपासणी तिच्यावर उभी आहे. कारखान्यातून कापून आलेली एमडीएफची कड बहुधा चालते. तरी खात्री करा. तशाच दोन कडा एकमेकींना लावून उजेडासमोर धरा, मग एक फळी टोकाकडून टोकाकडे फिरवून पुन्हा धरा. दोन्ही वेळा फट दिसली नाही तर कड घ्यायला हरकत नाही.

आता स्टॉक कडेला घट्ट दाबून पात्याला लागून सुरीने एक बारीक रेघ ओढा. गुण्या पालथा करा, म्हणजे स्टॉक आता रेघेच्या दुसऱ्या बाजूला येईल. पातं रेघेच्या कडेजवळच्या टोकाला टेकवा आणि दुसरी रेघ ओढा. दोन रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या बरोबर. वर जाताना त्या फाकल्या तर टोकाशी जे अंतर दिसतं ते खऱ्या चुकीच्या दुप्पट असतं. या तपासणीची खुबीच ही आहे की ती चूक दुप्पट करून दाखवते. १५० मिलिमीटरवर रेघा ०.३ ने फाकल्या तर गुण्या ०.१५ ने बाहेर आहे.

पेन्सिलीने हे करू नका. पेन्सिलीच्या रेघेची जाडीच ती चूक गिळून टाकते.

माझ्यावर ही वेळ एका ड्रॉवरच्या कपाटाने आणली. पाच ड्रॉवर होते आणि पाचही आत जाताना एकाच कोपऱ्यात घासत होते. तीन दिवस मी रंधा मारत बसलो. बाजू तासल्या, तळ तासला, सरकपट्ट्या काढून पुन्हा लावल्या. शेवटी थकून टेबलाच्या कडेवर गुण्या ठेवला, रेघ ओढली, पालथा केला. दोन रेघांच्या मध्ये सुरीचं पातं मावत होतं. तो गुण्या मी सहा वर्षं वापरत होतो. मधल्या काळात तो एकदा फरशीवर पडला होता हेही तेव्हा आठवलं. पडल्यावर पुसून जागेवर ठेवला होता, तपासला नव्हता. त्या कपाटाचा एक ड्रॉवर मी अजून ठेवला आहे, बाकीचे सगळे नव्याने केले.

ही तपासणी आतल्या कोनाची. बाहेरचा कोन बघायला गुण्या सपाट जाड काचेवर उभा करा आणि दुसऱ्या, तपासलेल्या गुण्याची बाहेरची कड त्याच्या बाहेरच्या कडेला टेकवा. मागे दिवा ठेवा. उजेडाची बारीक चीरही डोळ्याला दिसते. शंभरांश मिलिमीटरची फटसुद्धा अशी पकडता येते. तपासलेला गुण्या एकही नसेल तर तीन गुण्या गोळा करा आणि दोन-दोनच्या जोड्या लावा. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, पहिला-तिसरा अशा तिन्ही जोड्या फटीशिवाय जुळल्या तर तिन्ही काटकोनात आहेत. दोनच असतील आणि ते जुळले तर काहीच सिद्ध होत नाही, कारण एक जितका आत झुकला तितकाच दुसरा बाहेर झुकलेला असू शकतो.

प्रश्न : तपासला, चूक निघाली. फेकून द्यायचा का?

कोणता गुण्या आहे त्यावर ठरतं. कॉम्बिनेशन असेल तर आधी पट्टी काढून डोक्यातली खाच आणि पट्टीवरची चर जुन्या टूथब्रशने साफ करा. अर्ध्याहून जास्त वेळा तिथे दबून बसलेला लाकडाचा भुसाच खरा गुन्हेगार असतो. तरीही चूक राहिली तर डोक्याच्या खाचेत पट्टी ज्या दोन बारीक उंचवट्यांवर बसते ते बघा. ज्या टोकाला पट्टी उचलली गेली आहे तिथल्या उंचवट्यावर बारीक कानशीचा एक हलका हात मारा आणि लगेच पुन्हा तपासा. एकच हात. दुसरा मारायची घाई केली की चूक उलट्या दिशेला जाते.

एकाच पत्र्याचा मोठा एल आकाराचा गुण्या, तो तर सेंटर पंचने (धातूवर खूण ठोकायच्या टोकदार पोलादी दांडीने) सुधारता येतो. कोन ९० पेक्षा कमी असेल तर आतल्या कोपऱ्याजवळ पंचाचा ठोका द्या. तिथला धातू पसरतो आणि कोन उघडतो. कोन जास्त असेल तर बाहेरच्या कोपऱ्याजवळ ठोका. त्याला पक्क्या लोखंडी ठोकळ्यावर ठेवून, एकेक ठोक्यानंतर तपासत जा.

रिव्हेट मारलेला किंवा कडक केलेल्या स्टीलचा गुण्या मात्र घरी सुधारायच्या भानगडीत पडू नका. त्यावर लाल रंगाची मोठी फुली मारा आणि फक्त उभं-आडवं साधारण बघायला ठेवा. खूण न करता पेटीत परत टाकलात तर घाईच्या दिवशी नेमका तोच हातात येईल.

प्रश्न : चौकोनी लाकडाभोवती चारही बाजूंनी रेघ फिरवतो, पण शेवटची रेघ पहिल्या रेघेला भेटत नाही. दीड-दोन मिलिमीटरचा फरक पडतो. गुण्या तपासला, तो बरोबर आहे. मग कुठे चुकतंय?

या प्रश्नाबद्दल आभार, कारण नव्वद टक्के कुसवांचे (सांध्याच्या भोकात शिरणाऱ्या लाकडी जिभांचे) खांदे इथेच बिघडतात आणि दोष पटाशीवर जातो.

तुम्ही बहुधा रेघेचा पाठलाग करत फिरताय. म्हणजे पहिल्या बाजूवर रेघ मारली, लाकूड फिरवलं, स्टॉक नव्या बाजूला लावला, पुढची रेघ मारली, पुन्हा फिरवलं. प्रत्येक वेळी स्टॉक वेगळ्या बाजूवर टेकतो. त्या चार बाजू एकमेकींशी तंतोतंत काटकोनात आणि समांतर असतील तरच रेघ जुळेल. तशा त्या नसतात.

उपाय जुना आहे. लाकडाची एक रुंद बाजू आणि तिला लागून असलेली एक कड अशा दोनच बाजू आधी रंध्याने सरळ आणि काटकोनात आणा. त्यांच्यावर पेन्सिलीने ठळक खूण करा. मी रुंद बाजूवर एक वळणदार शेपूट काढतो आणि तिचं टोक कडेकडे नेतो, कडेवर फुली. या दोन पक्क्या बाजू. इथून पुढे गुण्याचा स्टॉक फक्त आणि फक्त यांच्यावरच टेकायचा. पक्क्या बाजूवर रेघ मारताना स्टॉक पक्क्या कडेला. दोन्ही कडांवर रेघ मारताना स्टॉक पक्क्या बाजूला. चौथ्या बाजूवर पुन्हा स्टॉक पक्क्या कडेला. उरलेल्या दोन बाजू थोड्या वाकड्या असल्या तरी रेघा भेटतात.

दुसरी गोष्ट सुरीची. पहिल्या रेघेचं टोक कोपऱ्यावर येतं तिथे ती एक अगदी बारीक खाच पाडते. लाकूड फिरवल्यावर डोळ्याने अंदाज घेऊन गुण्या ठेवू नका. आधी सुरीचं टोक त्या खाचेत ठेवा. ते आत बसल्याचं बोटांना कळतं, बारीकसा टक् होतो. मग गुण्या सरकवत आणा आणि पातं सुरीला हलकेच भिडवा. आता स्टॉक घट्ट दाबा आणि ओढा. सुरी गुण्याकडे जात नाही, गुण्या सुरीकडे येतो. एवढा एक क्रम बदलला की तुमचा दीड मिलिमीटर जवळजवळ नाहीसा होईल.

पहिला हात अगदी हलका, लाकडाच्या पृष्ठभागावर नुसता ओरखडा. दुसरा जरा जोराने, तिसरा खोल. पहिल्याच हाताला जोर दिला तर सुरी लाकडाच्या रेषांमागे वाहवत जाते आणि पात्यापासून सुटते. सुरीची सपाट बाजू पात्याला, उताराची बाजू टाकाऊ भागाकडे. आणि डाव्या हाताचा अंगठा स्टॉकवर, बाकीची बोटं पात्यावर पसरलेली. सगळा जोर पात्यावर दिला तर स्टॉक कडेपासून सुटतो आणि तपासलेल्या गुण्यानेही तिरकी रेघ निघते.

प्रश्न : मी डावखुरा आहे. वेगळा गुण्या लागेल का?

गुण्या नाही, सुरी वेगळी लागेल. एकाच बाजूने उतार दिलेली सुरी उजव्या हाताच्या हिशोबाने बनवलेली असते. भाल्यासारखं टोक असलेली सुरी घ्या. ती दोन्ही बाजूंनी चालते, आणि उजव्या हाताने काम करणाऱ्यांनाही तीच जास्त सोयीची पडते.

प्रश्न : खोकं चिकटवताना आतल्या कोपऱ्यात गुण्या लावून बघतो, चारही कोपरे बरोबर दिसतात. वाळल्यावर मात्र खोकं तिरकं निघतं. असं का?

कारण क्लॅम्प आवळला की फळ्या किंचित पोटाळतात. गुण्या कोपऱ्याजवळचे १०० मिलिमीटर बघतो, तिथे कोन बरोबर असतो. पुढे फळी कुठे जाते ते त्याला दिसत नाही.

चिकटवताना कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आणि समोरासमोरच्या बाजू सारख्या, तर खोकं काटकोनात. उदाहरणार्थ, ६०० बाय ४०० च्या खोक्यात कर्णांमध्ये २ मिलिमीटरचा फरक निघाला, तर ४०० ची बाजू सुमारे १.२ मिलिमीटरने कललेली आहे. लांब कर्णावर एक क्लॅम्प तिरका लावून हळू आवळा. लांब कर्ण १ ने कमी झाला की आखूड कर्ण तेवढाच वाढतो, म्हणून पूर्ण २ ने ओढू नका. टेपपेक्षा दोन बारीक काठ्या बऱ्या. त्यांची एकेक टोकं तासून अणकुचीदार करा, एकीवर एक ठेवून सरकवा, दोन्ही टोकं समोरासमोरच्या कोपऱ्यांत शिरली की जोडावर पेन्सिलीने खूण करा आणि दुसऱ्या कर्णावर लावून बघा. आकडा वाचायचाच नाही, तिथे चुकायची जागाच राहत नाही.

आणि डिंक लावण्याआधी एकदा कोरडं जोडून हे सगळं करून बघा. डिंक लागल्यावर हाताशी मिनिटं मोजकीच असतात.

प्रश्न : टेबल सॉचं (टेबलातून वर आलेल्या गोल यंत्र-करवतीचं) पातं ९० अंशांवर लावायला डिजिटल अँगल गेज घेऊ का? की गुण्या पुरे?

बऱ्याच स्वस्त गेजची खात्री ०.१ ते ०.२ अंशांचीच असते, आणि वर बघितलं तसं ६०० मिलिमीटरवर ०.१ म्हणजेच एक मिलिमीटर. ४५ सारख्या तिरक्या कोनाच्या जवळपास जायला गेज सोयीचं आहे. ९० साठी लहान स्टीलचा गुण्याच घ्या. यंत्राचा वीजपुरवठा आधी काढा. करवतीचं पातं पूर्ण वर करा, आणि गुण्या दातांच्या मधल्या सपाट भागाला टेकवा. दात बाहेर आलेले असतात, त्यांना टेकलात तर चुकीचंच दिसणार.

आडव्या कापासाठी, म्हणजे स्लेड किंवा मायटर गेज (लाकूड ठरलेल्या कोनात धरून करवतीकडे सरकवायची साधनं) लावताना, गुण्याच्या पुढे जाणारी एक पद्धत आहे : पाच कापांची. साधारण ४०० मिलिमीटरचा चौकोनी प्लायवूडचा तुकडा घ्या. एक कड कापा, ती कापलेली कड कुंपणाला (लाकूड टेकवायच्या सरळ पट्टीला) लावून पुढची कापा, असं चार वेळा फिरवा. पाचव्या कापाला पहिलीच कड पुन्हा येते. तिथून २५ मिलिमीटरची पट्टी काढा. पट्टीची दोन्ही टोकं कॅलिपरने मोजा. फरकाला ४ ने भागलं की त्या लांबीतली खरी चूक मिळते. टोकांत ०.४ चा फरक असेल तर ४०० मिलिमीटरमध्ये ०.१ ची चूक. प्रत्येक फेरीत चूक स्वतःवरच चढत जाते, म्हणून एरवी दिसणारच नाही अशी बारीक चूकही कॅलिपरवर ठळक उमटते.

प्रश्न : गुण्याची निगा कशी राखावी? माझा एकदा हातातून पडला.

घामाने स्टीलवर एका रात्रीत बोटांचे ठसे गंजतात, तेव्हा काम संपलं की तेलाच्या फडक्याने पुसा. पेटीत हातोड्याबरोबर टाकू नका, भिंतीवर खुंटी ठोका. त्याने रंगाचा डबा उघडू नका, ठोकू नका. कडेला बारीक कंगोरा उठला असेल तर ऑइलस्टोन (धार लावायचा दगड) सपाट धरून फक्त तेवढाच काढा.

पडला आहे ना, मग उद्या काम सुरू करण्याआधी वर सांगितलेली पालथी रेघ ओढून बघा. रेघा जुळल्या तर त्या फळीवर तारीख घालून ती जपून ठेवा. पुढच्या वेळी त्याच कडेवर तपासता येईल.